सार्वजनिक विद्यापीठ थोर कशाने होते? : बर्कलेचा दाखला

‘जागतिक दर्जाचे विद्यापीठ’ हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत दीक्षान्त भाषणांत आणि शासकीय टिपणांत चांगलाच रूढ झाला आहे. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या क्रमवारीच्या याद्यांनी त्याला आणखी वजन आणले. या याद्या शोधनिबंध मोजतात, पारितोषिके मोजतात, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण मोजतात. जे घडून गेले आहे ते त्या सांगतात. ते कशामुळे घडले हे सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. खाजगी धनावर उभी राहिलेली हार्वर्ड किंवा स्टॅनफर्ड यांसारखी विद्यापीठे बाजूला ठेवून करदात्यांच्या पैशावर, विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांचाच विचार केला, तर प्रश्न अधिक अवघड होतो. सरकारचा हिशेब, लोकप्रतिनिधींची देखरेख, राज्यातील मुलांचा प्रवेशाचा हक्क हे सारे सांभाळून एखादे विद्यापीठ जगाच्या पहिल्या रांगेत कसे जाऊन बसते, हे पाहावयाचे असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मूळ शाखेचा इतिहास चाळण्यासारखा आहे.

जमिनीतून उभे राहिलेले विद्यापीठ

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, २ जुलै १८६२ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. काँग्रेसमधील प्रत्येक सभासदामागे तीस हजार एकर या हिशेबाने सरकारी जमीन राज्यांना द्यावी, ती विकून येणाऱ्या निधीतून शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढावीत, अन्य शास्त्रे व अभिजात विद्याही वगळू नयेत, असा त्या कायद्याचा आशय होता. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला दीड लाख एकर जमीन आली. (ही जमीन मुळात तेथील आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, याची कबुली त्या देशात फार उशिरा दिली जाऊ लागली आहे.) ओकलंड येथील एका खाजगी महाविद्यालयाने आपली बर्कले येथील जागा राज्याला देऊ केली आणि २३ मार्च १८६८ च्या कायद्याने विद्यापीठ अस्तित्वात आले. १८७० मध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देण्याचा ठराव झाला. १८७३ मध्ये वर्ग बर्कलेच्या जागेत भरू लागले.

आरंभ शांतपणे झाला नाही. ‘ग्रेंज’ ही शेतकऱ्यांची संघटना त्या काळी जोरात होती. जमीन शेतीच्या शिक्षणासाठी मिळाली असताना विद्यापीठ ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान यांवर पैसा घालविते, नांगर धरायला शिकवीत नाही, अशी तिची तक्रार होती. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या कृषीच्या प्राध्यापकाला १८७४ मध्ये काढून टाकण्यात आले. अध्यक्ष डॅनिअल गिलमन या भांडणांना कंटाळून १८७५ मध्ये बर्कले सोडून गेले आणि पूर्वेकडे बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स हे नवे विद्यापीठ त्यांनी उभे केले. शेतकऱ्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे आज म्हणवत नाही. सार्वजनिक पैशाचा जाब विचारण्याचा त्यांना अधिकार होता. मात्र नांगर धरणे हे शेतकऱ्याला विद्यापीठाकडून शिकण्याची गरज नव्हती. त्याला जे येत नव्हते ते शोधून काढणे हे विद्यापीठाचे काम होते.

हे ओळखणारा माणूस त्याच वर्षी आला. युजीन हिलगार्ड हे जर्मनीत जन्मलेले भूविज्ञ व रसायनज्ञ. त्यांनी बर्कले येथे शेतीविषयक प्रयोगांना सुरुवात केली, शेतकऱ्यांनी पाठविलेले मातीचे नमुने तपासले, त्यांच्या मेळाव्यांना ते जाऊ लागले. कॅलिफोर्नियातील कमी पावसाच्या खोऱ्यांत पाटाचे पाणी आले तशी जमिनीवर पांढरी खार फुटू लागली होती. पाऊस कमी असल्याने क्षार धुऊन जात नाहीत. त्यात पाण्याचा निचरा न करता सिंचन केले की भूजलाची पातळी वर येते आणि पाण्याबरोबर क्षारही वर येऊन बाष्पीभवनाने तेथेच साचतात, हे त्यांनी मांडले. जमिनीत सोडियम कार्बोनेट असेल तर जिप्सम घालून त्याचे कमी घातक क्षारात रूपांतर करावे आणि मग निचरा करून क्षार धुऊन काढावेत, असा उपाय त्यांनी सांगितला. नीरा आणि कृष्णा यांच्या काठच्या ऊसपट्ट्यातील क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. द्राक्षवेलींच्या मुळांना लागणाऱ्या फायलोक्सेरा किडीने मळे उठू लागले, तेव्हा कीड सोसणाऱ्या खुंटावर कलमे करण्याचा पुरस्कारही त्यांनी केला. विद्यापीठाविरुद्धचा शेतकऱ्यांचा राग या कामांमुळे हळूहळू ओसरला.

स्वायत्ततेची हमी

भांडणाच्या या वर्षांतून एक टिकाऊ गोष्ट निष्पन्न झाली. १८७९ च्या राज्यघटनेत कॅलिफोर्निया विद्यापीठाला सार्वजनिक न्यासाचा दर्जा देण्यात आला. कारभार रीजंट नावाच्या नियामक मंडळाकडे राहिला. विद्यापीठ सर्व राजकीय व पंथीय प्रभावांपासून मुक्त ठेवले जाईल, असे घटनेतच लिहिले गेले. वार्षिक अनुदान किती द्यावयाचे हे विधिमंडळ ठरविते. कोणता विषय शिकवावा, कोणाला नेमावे हे ते ठरवीत नाही. साध्या कायद्याने दिलेली स्वायत्तता पुढचा कायदा काढून घेऊ शकतो. घटनेने दिलेली तशी सहज काढता येत नाही.

परंतु स्वायत्तता नियामक मंडळाला मिळाली म्हणजे अध्यापकांना मिळाली असे होत नाही. अध्यापकांच्या विद्वत्सभेने त्यासाठी झगडून १९१९-२० मध्ये नेमणुका, बढत्या आणि अभ्यासक्रम यांबाबत निर्णायक सल्ल्याचा अधिकार मिळविला. बर्कलेच्या उत्कर्षाचे खरे बीज, प्रस्तुत लेखकाच्या मते, येथे आहे. रसायनशास्त्राचा प्राध्यापक कोण व्हावा हे रसायनशास्त्र जाणणाऱ्यांनी ठरवावे, ही गोष्ट ऐकायला सोपी आहे आणि आचरणात फार थोड्या ठिकाणी येते.

माणसे आणि त्यांना मिळालेली मोकळीक

गिल्बर्ट लुईस १९१२ मध्ये बर्कलेला आले. रसायनशास्त्राच्या विभागात त्यांनी तरुण संशोधक गोळा केले. दर आठवड्याला संशोधन-चर्चेची बैठक भरे. तीत अध्यापक आणि संशोधक विद्यार्थी एकत्र बसत आणि वयाचा वा हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता प्रश्न विचारले जात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकविण्याचे काम नवख्यांवर न टाकता ज्येष्ठ प्राध्यापक करीत. लुईस यांना स्वतःला नोबेल पारितोषिक कधीच मिळाले नाही. त्यांच्या विभागात शिकलेल्या किंवा काम केलेल्या यूरी (१९३४), जिओक (१९४९), सीबोर्ग (१९५१), लिबी (१९६०) आणि कॅल्व्हिन (१९६१) यांना ते मिळाले. एका मोठ्या माणसाला आणणे आणि मोठी माणसे घडतील असा विभाग बांधणे या दोहोंतील अंतर या यादीवरून ध्यानी यावे.

अर्नेस्ट लॉरेन्स यांची गोष्ट वेगळी. येल या जुन्या खाजगी विद्यापीठातून ते १९२८ मध्ये बर्कलेला आले, तेव्हा त्यांचे सहकारी चकित झाले होते. बर्कलेने त्यांना वयाच्या २९व्या वर्षी पूर्ण प्राध्यापकपद दिले. स्टॅन्ली लिव्हिंगस्टन या संशोधक विद्यार्थ्यासह त्यांनी कणांना चक्राकार गती देणारे सायक्लोट्रॉन यंत्र बनविले. पहिले यंत्र तळहातावर मावेल एवढे होते. पुढच्या मोठ्या यंत्रासाठी एका तार कंपनीकडे निरुपयोगी पडून असलेले सुमारे ८० टनांचे चुंबक मिळविण्यात आले, आणि १९३१ मध्ये एका जुन्या लाकडी इमारतीत प्रयोगशाळा सुरू झाली. मंदीचे दिवस होते. १९३९ चे नोबेल पारितोषिक लॉरेन्स यांना मिळाले, ते याच कामासाठी. भव्य वास्तू आधी आणि विद्या मागाहून, असा क्रम ज्यांना सुचतो त्यांनी ही लाकडी इमारत आठवावी. युद्धकाळात याच प्रयोगशाळेचा आणि बर्कलेच्या ओपेनहायमर यांचा अणुबाँबच्या निर्मितीशी निकटचा संबंध आला. केंद्र सरकारचा पैसा तेव्हापासून मोठ्या प्रमाणावर विद्यापीठात येऊ लागला आणि त्याबरोबर गुप्ततेचे प्रश्नही आले.

कसोटी १९४९-५० मध्ये लागली. साम्यवादी नसल्याची शपथ प्रत्येक अध्यापकाने घ्यावी, असा आग्रह नियामक मंडळाने धरला. ऑगस्ट १९५० मध्ये ही शपथ न घेणाऱ्या ३१ अध्यापकांना काढण्यात आले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन हे त्यांपैकी एक. त्यांच्यावर साम्यवादाचा आरोपही नव्हता. विद्वानाच्या मताची अशी झडती घेऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर काही नामांकित विद्वान निघून गेले होते, ते परतले नाहीत. राजकीय प्रभावापासून मुक्त असे घटनेत लिहिलेल्या मंडळाकडूनच हे घडले, हे विसरता येत नाही.

दार कोणासाठी उघडे?

सार्वजनिक विद्यापीठापुढचा सर्वांत कठीण प्रश्न प्रवेशाचा. सर्वांना घ्यावे तर संशोधनाची पातळी सांभाळणे जड जाते; मोजक्यांना घ्यावे तर ज्यांच्या करातून ते चालते त्यांची मुले बाहेर राहतात. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये याचे उत्तर एका बृहत् आराखड्यात दिले. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. शालान्त विद्यार्थ्यांपैकी गुणवत्तेने वरच्या साडेबारा टक्क्यांना विद्यापीठात, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत, आणि शिकू इच्छिणाऱ्या इतर सर्वांना द्विवर्षीय स्थानिक महाविद्यालयांत प्रवेश, अशी योजना होती. स्थानिक महाविद्यालयात दोन वर्षे चांगली कामगिरी करणाऱ्यास तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाता येई. संशोधन आणि डॉक्टरेट हे मुख्यतः विद्यापीठाचे क्षेत्र ठरले. प्रत्येक महाविद्यालयाने विद्यापीठ होण्याची धडपड करू नये, हाही हेतू होता. राज्यातील विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क घ्यावयाचे नाही, हे तत्त्व कायम ठेवण्यात आले.

हा आराखडा वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. बर्कलेची उंची बर्कलेत ठरलेली नाही. खालच्या दोन पायऱ्या रुंद आणि भक्कम होत्या म्हणून वरची पायरी अरुंद ठेवणे न्याय्य ठरले. दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी स्थानिक महाविद्यालयातून आलेला असावा, असे विद्यापीठाचे धोरण आजही आहे.

पैशाची बाजू मात्र पुढे ढासळली. १९६४ चे विद्यार्थी आंदोलन, १९६६ च्या निवडणुकीत रीगन यांचा विजय आणि जानेवारी १९६७ मध्ये केर यांची हकालपट्टी या घटना लागोपाठ आल्या. १९७८ मध्ये मतदारांनी मालमत्ताकरावर मर्यादा घातली आणि राज्याच्या तिजोरीवर शाळांचा भार वाढला. पुढच्या प्रत्येक मंदीत विद्यापीठाच्या अनुदानाला कात्री लागली. एकेकाळी बर्कलेच्या खर्चाचा मोठा भाग उचलणारे राज्य आज एक-पंचमांशाहूनही कमी वाटा देते. राज्यातील विद्यार्थ्यालाही वर्षाला चौदा हजार डॉलरांहून अधिक शुल्क पडते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यात सवलत मिळते. कीर्ती अद्याप टिकून आहे. जेनिफर डाऊडना यांना २०२० मध्ये जनुकसंपादनाच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण शंभर वर्षांच्या सार्वजनिक गुंतवणुकीवर आजचा दर्जा किती तगून आहे आणि तो किती काळ तगेल, ही शंका तेथील अध्यापकच बोलून दाखवितात.

संशोधन कोणाच्या उपयोगी पडते, याचाही वाद तेथे झाला. डेव्हिस येथील शाखेने टोमॅटो तोडणारे यंत्र आणि त्या यंत्राला सोसेल असे घट्ट सालीचे वाण एकदमच विकसित केले. १९६४ मध्ये मेक्सिकन मजूर आणण्याची योजना बंद झाली आणि यंत्र झपाट्याने पसरले. उत्पादन वाढले, छोटे बागाईतदार या पिकातून बाहेर पडले आणि हजारो मजुरांचे काम गेले. सार्वजनिक पैशाचा लाभ मूठभर मोठ्या शेतमालकांना झाला, अशी तक्रार करणारा दावा १९७९ मध्ये विद्यापीठावर लावण्यात आला. ग्रेंजच्या तक्रारीनंतर शतकभराने तोच प्रश्न फिरून उभा राहिला होता.

आपल्याकडे आलेला धागा

जमीनदानाच्या या महाविद्यालयांशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील अशाच महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगो येथील कृषिविद्यालयात अध्यापक झाले. स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील कृषिविद्यापीठे याच नमुन्यावर उभारली गेली. पंतनगर येथील पहिल्या विद्यापीठाला (१९६०) इलिनॉय विद्यापीठाचे, तर महाराष्ट्राला पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठाचे साहाय्य झाले. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) येथील विद्यापीठांच्या घडणीत अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही त्रिसूत्री तेथूनच आली.

एक भाग मात्र वेगळ्या रीतीने बसविला गेला. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यातील शेती सल्लागार हा विद्यापीठाशी जोडला गेला. शेतकऱ्याने त्याला विचारलेला प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत एकाच यंत्रणेतून जातो. आपल्याकडे गावपातळीवरील विस्ताराचे काम मुख्यतः शासनाच्या कृषी विभागाकडे आणि जिल्हा परिषदांकडे राहिले, संशोधन विद्यापीठांकडे गेले, आणि दोहोंमधील दुवा म्हणून कृषी विज्ञान केंद्रे आली. क्षारपड होत चाललेल्या जमिनीचा नमुना घेऊन एखादा शेतकरी केंद्रावर जातो, तेव्हा त्याला तपासणीचा अहवाल मिळतो. त्याच गावातून असे चाळीस नमुने आले, ही माहिती त्या पाटाचे पाणी सोडणाऱ्या खात्यापर्यंत आणि निचऱ्यावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे पंचायतीच्या सभासदांनी आपल्या तालुक्यापुरते एकदा विचारून पाहण्यासारखे आहे.