गॅस्ट्रोत पोटाला 'आराम' द्यायचा की खायला द्यायचं?

पावसाळ्यात अंधेरीचा सबवे तुंबल्याची बातमी आली की पाठोपाठ महापालिकेची साथरोगांची आकडेवारी येते आणि त्यात गॅस्ट्रो असतोच. बोरिवली असो वा घाटकोपर, घरातल्या लहान मुलाला जुलाब सुरू झाले की कुणीतरी हमखास सांगतं, 'आज काही देऊ नका, पोटाला आराम मिळू दे.'

सल्ला मायेचा असतो, पण नेमका उलटा.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्न तिथून शोषलं जातं. त्यांच्यावरचं पेशींचं अस्तर साधारण 3 ते 5 दिवसांत पूर्ण बदलतं. जुन्या पेशी गळतात आणि तळाच्या खाचांमधल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, नव्या पेशी तयार करतात. रोटाव्हायरससारखा विषाणू हेच अस्तर खराब करतो. मग अन्न-पाणी नीट शोषलं जात नाही आणि जुलाब होतात.

दुरुस्तीचा आदेश देतात ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचे निरोप पोहोचवणारी प्रथिनं. त्यातलं ईजीएफ शोधणारे स्टॅन्ली कोहेन यांना 1986 मध्ये नोबेल मिळालं. हे ईजीएफ आपल्या लाळेत असतं आणि आईच्या दुधातही. म्हणूनच जुलाबात अंगावरचं दूध बंद करू नका, असं डॉक्टर बजावतात. दुसरं नाव जीएलपी-2. हे संप्रेरक आतड्यात अन्न पोहोचलं की स्रवतं आणि अस्तराची वाढ करवतं. त्याच्याच धर्तीवर बनवलेलं टेडुग्लुटाइड हे औषध अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झालं, आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णांसाठी.

थोडक्यात, उपाशी ठेवलं तर दुरुस्तीचा निरोपही क्षीण होतो आणि कच्चा मालही मिळत नाही. (इन्स्टाग्रामवरच्या महागड्या 'गट हीलिंग' पावडरी इथे लागत नाहीत.) सहा महिन्यांवरच्या बाळाला मुगाची मऊ खिचडी, वरणभात, दहीभात, केळं थोडं थोडं पण वरचेवर द्यायचं. बरं झाल्यावरही दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सोबत ओआरएस आणि झिंक. नव्या पेशी बनायला झिंक लागतं. सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानांना 10 मिलिग्रॅम, असं 14 दिवस. घोळ इथेच होतो. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या कपाटात जातात. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत मिळतं. दुकानातून ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघा, गोड पेय नको.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी न होणं, मूल मलूल पडणं किंवा पाणीही न पिणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.