विहाराची वास्तू आणि आवाज

श्रावस्तीत भगवान बुद्धांसाठी विहार बांधायचा, तर जागा कशी असावी, याचा विचार अनाथपिंडिकाने कसा केला हे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आले आहे. जागा गावापासून फार दूर नको, फार जवळही नको. लोकांना येणे-जाणे सुकर हवे. दिवसा वर्दळ थोडी आणि रात्री गलका थोडा हवा. अशा जागेसाठी पाली ग्रंथात 'अप्पसद्द' आणि 'अप्पनिग्घोस' ही विशेषणे आहेत. अंगुत्तर निकायाच्या दसक निपातात वैशालीचा एक प्रसंग आहे. लिच्छवींच्या रथांचा कोलाहल सुरू होताच काही स्थविर भिक्खू शांततेसाठी गोसिंग सालवनात निघून गेले. तथागतांनी त्यांना दोष दिला नाही. उलट आवाज हा ध्यानातील काटा आहे, असे सांगून त्यांची प्रशंसा केली.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. ती अजिंठ्यासारखी अलंकृत नाहीत; बहुतेक लहान, साधी, कातळी ओटे असलेली आहेत. वस्तीपासून भिक्षाटनाच्या अंतरावर, परंतु गलक्याच्या वर, अशी त्यांची योजना आहे. कातळाच्या जाडीतून बाहेरचा आवाज येत नाही, आणि आकारमान लहान व दार उघडे असल्यामुळे आत उमटलेला आवाज फार काळ रेंगाळत नाही.

आजचा विहार मात्र वस्तीत, पुष्कळदा हमरस्त्यालगत उभा राहतो. मिळेल त्या जागेवर, समाजाच्या वर्गणीतून तो बांधला जातो. त्याबद्दल कोणास दूषण देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सातारा-सांगलीकडील एका तालुक्याच्या गावी नव्या विहारात आम्ही धम्मप्रवचन दिले, तेव्हा तिसऱ्या ओळीनंतरच्या उपासिकांना आमचे एक वाक्यही धड कळले नव्हते. ध्वनिक्षेपक मोठा केला, तसा गोंगाटच वाढला. दोष यंत्रात नव्हता, भिंतींत होता.

या दोषाचे गणित वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने मांडले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द कळेनासे झाले, तेव्हा त्याने रात्रीच्या शांततेत खुर्च्यांवरील गाद्या आणून ठेवत आवाज विरण्यास लागणारा काळ मोजला. निष्कर्ष सोपा आहे: खोलीचे घनफळ जितके मोठे, तितका आवाज अधिक रेंगाळतो, आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके अधिक, तितका तो लवकर विरतो. उघडी खिडकी तर पूर्ण शोषक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

१५ मीटर लांब, ९ मीटर रुंद व ४ मीटर उंच सभागृह घेऊ. फरशी, सिमेंटचा गिलावा आणि स्लॅब हे तिन्ही आवाज जवळजवळ जसाच्या तसा परतवतात. १५ चौरस मीटर दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या तरी रिकाम्या सभागृहात आवाज विरण्यास सुमारे साडेतीन सेकंद लागतात. शंभर माणसे बसली की हा काळ सव्वा सेकंदावर येतो, कारण माणसाचे शरीर आणि कपडे हेही शोषकच. म्हणून बुद्धजयंतीला जे नीट ऐकू येते, ते रोजच्या वंदनेला पंचवीस माणसांत कळत नाही. तेव्हा तो काळ अडीच सेकंद असतो. भाषणासाठी तो एका सेकंदाच्या आसपास असावा.

मिरजेच्या सतारीचा भोपळा आवाज घुमवतो ते तिचे वैभव. सभागृहाचा भोपळा झाला की धम्म ऐकू येत नाही. पालीपठणात तर हानी अधिक होते. ऱ्हस्व-दीर्घ, अल्पप्राण-महाप्राण आणि निग्गहीत हे भेद क्षणार्धाचे असतात. आधीचे अक्षर विरण्यापूर्वी पुढचे येऊन आदळले, तर मुले ऐकतील तसेच पाठ करतात, आणि चुकीचा उच्चार मग पिढीभर टिकतो. ज्या परंपरेची सुत्ते 'ऐकले' असे सांगूनच सुरू होतात, तिच्या वास्तूत ही गोष्ट गौण मानता येणार नाही.

उपाय महाग नाहीत. छताच्या निम्म्या भागाला लाकडी तंतू व सिमेंटचे फलक लावले, तर रिकामे सभागृहही सव्वा सेकंदाच्या आत येते. मागील भिंतीला जाड पडदा आणि जमिनीवर सतरंज्या हव्यात. थर्माकोल मात्र उपयोगाचा नाही, कितीही जण सुचवोत. त्याची छिद्रे बंद असल्यामुळे आवाज त्यात शिरत नाही.

बाहेरच्या आवाजाचा नियम निराळा आहे. तो जड भिंत अडवते, पडदा नव्हे. नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज कमी करते. परंतु तिच्यात एक टक्का फट राहिली, तर वीस डेसिबलहून अधिक लाभ होत नाही. म्हणून जिना, ग्रंथालय, कोठी रस्त्याच्या बाजूस असावी आणि खिडक्या मागील अंगणाकडे उघडाव्यात. नकाशा काढतानाच हे ठरवले तर वेगळा खर्च पडत नाही.

विहार बांधून झालेला असेल, तर समितीने एका संध्याकाळी रिकाम्या सभागृहात मध्यभागी उभे राहून एकच टाळी वाजवावी आणि ती पूर्ण विरेपर्यंत सेकंद मोजावेत. दोनपेक्षा अधिक भरले, तर पुढील वर्गणीतील पहिला खर्च नव्या ध्वनिक्षेपकावर न करता छतावर करावा.