शिंगातली चार भावंडं

बाळांनो, झाड शेंड्याकडून वाढतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आज गोष्ट ऐका बुडाकडून वाढणाऱ्या एका शिंगाची. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या दरडींवर अँथोसेरॉस नावाच्या वनस्पतीचे हिरवे पापुद्रे पसरतात. त्यांतून काही सेंटिमीटर उंचीची बारीक शिंगं निघतात. शिंगाच्या पोटात बीजाणू असतात. शिंग बुडाशी वाढत राहतं, म्हणून कोवळे बीजाणू खाली आणि पिकलेले वर. खालून वर बघत गेलं, की बीजाणूची सगळी कहाणी क्रमाने वाचता येते.

चला, बुडापासून सुरुवात करू. तिथे असते मातृपेशी. तिच्यापाशी हरितलवक एकच, आणि लेकरं तर व्हायची चार! मग ही शहाणी आई काय करते? केंद्रकाच्या आधी हरितलवकाची वाटणी उरकते. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि चौघे चार बाजूंना. त्यानंतर केंद्रकाचे चार भाग होतात. प्रत्येक लेकराला एक केंद्रक आणि एक हरितलवक मिळतं. भांडणाला जागाच नाही.

ही चार भावंडं आईच्याच आवरणात एकमेकांना चिकटून राहतात आणि तिथेच प्रत्येकाची भिंत उभी राहते. आपलं घर बांधतात ना, अगदी त्याच क्रमाने: बाहेर परांची, मग भिंत, आणि सगळ्यांत शेवटी आतला गिलावा. आईचं आवरण ही परांची. स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट द्रव्याची एक्झाइन ही भिंत. आणि सेल्युलोजसारख्या मऊ पदार्थांची इंटाइन हा गिलावा. काम संपलं की परांची विरघळून जाते आणि भावंडं सुटी होतात. पण ती जिथे एकमेकांना टेकली होती, तिथे तीन रेघांची खूण कायम राहते. बाहेरच्या बाजूला कुणाला काटे, कुणाला फोड. अँथोसेरॉसचे पिकलेले बीजाणू काळपट असतात, तर त्याच्या भावकीतल्या फिओसेरॉसचे पिवळे. हरितांच्या, म्हणजे मॉसच्या, बीजाणूंवर बाहेरून आणखी एक थर चढतो. शिंगवाल्यांना तो नसतो.

पुढे शिंग वाळतं, शेंड्याकडून उकलतं आणि बीजाणू बाहेर पडतात.

आता या भिंतीची ताकद ऐका. जुन्या खडकांतले बीजाणू शोधणारे शास्त्रज्ञ खडक हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात. खडक जातो, बीजाणूची भिंत उरते! अर्जेंटिनात अशा भिंती सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडल्या आहेत. त्या घडवणाऱ्या आद्य वनस्पतींच्या अंगाचा मागमूस तिथे नाही. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, तेव्हा ऊन आणि कोरड्या वाऱ्यापासून त्यांच्या लेकरांना याच भिंतीने वाचवलं.

तेव्हा येत्या पावसात ओली दरड दिसली तर थांबा, भिंग घ्या आणि शिंगं शोधा. सापडली तर मनसोक्त बघा, पण खरवडू नका.