चांदवडी रुपयावरील अक्षरांचे भर उन्हातील छायाचित्रण

मुंबई-आग्रा मार्गावरील चांदवड येथे होळकरांची टांकसाळ होती. तेथील कित्येक रुपये दुसऱ्या शाहआलमच्या नावाने पाडलेले असून त्यांवर टांकसाळीचे नाव फारसी लिपीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे येते. स्थलनामांच्या अभ्यासकास हा मजकूर मोलाचा होय. परंतु साचा चकतीहून मोठा असल्याने एका नाण्यावर तो क्वचितच पुरा उमटतो. अनेक नाण्यांची छायाचित्रे जुळवूनच वाचन सिद्ध करावे लागते. खाजगी संग्रहातील नाणे अंगणात, उन्हात, घटकाभरच पाहावयास मिळाले तर ट्रायपॉड मांडण्यास सवड नसते.

ऊन असता फ्लॅश कशास, ही शंका साहजिक आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात चांदवडास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. आडव्या ठेवलेल्या नाण्यावर त्यामुळे सावलीच पडत नाही, आणि उठावाचे अक्षर तर सावलीनेच वाचले जाते. शिवाय नाणे मूळ आकाराइतके टिपताना एफ/१६ छिद्रासही स्पष्टतेची खोली सुमारे २ मिलिमीटरच मिळते. म्हणजे छिद्र फार मोठे करता येत नाही.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. आयएसओ १०० व एफ/१६ असता कडक उन्हास सेकंदाचा १/१०० भाग पुरतो. फ्लॅशशी जुळणारी शटरगती बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० च्या आसपास असते. तेवढ्याने ऊन निम्मे होते. मूळ आकाराच्या चित्रणात भिंग पुढे सरकल्याने प्रकाश आणखी चौथाईवर येतो. अशा रीतीने उन्हाचा वाटा एक अष्टमांश उरतो व चित्र फ्लॅशच्या प्रकाशानेच घडते. कमी शक्तीवरील फ्लॅशची चमक सेकंदाच्या काही सहस्रांशांहूनही अल्प असल्याने हाताचा कंप चित्रात उतरत नाही. अतिवेगी शटरसाठी फ्लॅश तुटक स्पंदनांनी चालविण्याची सोय असते. तीत हा लाभ गमावतो, म्हणून ती येथे टाळावी. नाण्यावर छत्रीची सावली धरली तर उरलेसुरले ऊनही जाते, आणि हा उपाय सर्वांत स्वस्त!

फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता डाव्या हाताने नाण्याच्या बाजूस, १५ ते २० अंशांच्या कोनात धरावा. चांदी आरशासारखी चमकते, म्हणून त्यावर पातळ पांढरा कागद लावावा. केंद्रण भिंग फिरवून न साधता देह किंचित पुढेमागे झुकवून साधावे.

खरा प्रश्न बिंदूंचा आहे. फारसी लिपीत एकाच दात्याखाली एक बिंदू असता ‘बे’ होतो, वर दोन असता ‘ते’. झिजलेल्या नाण्यावरील खळगा बिंदूसारखा भासला की स्थलनामाचे रूपच पालटते. याकरिता एकाच नाण्याची दोन चित्रे परस्परविरुद्ध बाजूंनी प्रकाश टाकून घ्यावीत. उठावाच्या बिंदूची प्रकाशाकडील कड उजळते, खळग्याची पलीकडली. मात्र प्रकाशाची दिशा टिपून ठेवली नसेल तर हा पुरावा निरर्थक ठरतो, कारण खालून उजळलेला उठाव डोळ्यांस खोदकामासारखा दिसतो. दिशेची नोंद वहीत त्याच क्षणी करावी. मिलिमीटरची पट्टी नाण्याच्या वरच्या पृष्ठाच्या पातळीत ठेवावी. ती खाली राहिल्यास तिचे भाग लहान उमटतात आणि निरनिराळ्या नाण्यांवरील अक्षरखंड एकमेकांशी जुळत नाहीत.