शनीच्या चंद्रावरचा झाकलेला समुद्र

शनीला चंद्र पुष्कळ. त्यांतला एन्सेलाडस अगदीच लहानखुरा. विल्यम हर्शेलने १७८९ साली तो शोधला. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर, अंगावर पांढरेशुभ्र बर्फ, आणि थंडी शून्याखाली सुमारे २०० अंश! अशा ठिकाणी वाहते पाणी आहे असे कोणी सांगितले असते, तर तुम्ही हसला असतात.

पण २००५ साली 'कॅसिनी' यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून वाफ आणि बर्फाचे कण कारंज्यासारखे उडताना आढळले. मग ही ऊब आली कुठून? तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. वाकतो तेथे तो तापतो. या चंद्राची कक्षा किंचित लांबट आहे. सुमारे ३३ तासांच्या एकेका फेरीत शनीची ओढ कमीजास्त होते, सारा गोळा दाबला-ताणला जातो आणि आतून ऊब धरतो.

बरे, पाणी ध्रुवापाशीच साचले आहे की सगळीकडे? कच्चे आणि उकडलेले अंडे ताटात फिरवा. दोघांची चाल वेगळी. एन्सेलाडसही फिरताना किंचित डोलतो, आणि तो डोल असा की बर्फाचे कवच आतल्या खडकाला चिकटलेले असूच शकत नाही. मधे सर्वत्र समुद्र आहे, हे २०१५ साली असे ठरले.

त्याच वर्षी कॅसिनी त्या फवाऱ्यातून, पृष्ठभागापासून अवघ्या ४९ किलोमीटरांवरून गेले. त्यात हायड्रोजन मिळाला. म्हणजे तळाशी गरम पाणी आणि खडक यांची काही प्रक्रिया चालू असावी. आपल्याकडे समुद्राच्या अंधाऱ्या तळाशी काही सूक्ष्म जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांवरच गुजराण करतात आणि मिथेन सोडतात. मिथेनही त्या फवाऱ्यात आहे! पुढे २०२३ साली जुन्या नोंदी तपासताना फॉस्फेटही सापडले.

येथे मात्र जरा दमाने घ्यावे. मिथेन जीवांवाचूनही तयार होतो. घरात शिधा आहे, एवढ्यावरून चूल पेटली असे म्हणता येत नाही. वर्तमानपत्रांचे मथळे हे नेमके विसरतात.

कॅसिनीचे इंधन संपत आले, तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ रोजी शास्त्रज्ञांनी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात लोटून जाळून टाकले. भरकटून ते एन्सेलाडसवर आदळले असते आणि यानाला चिकटलेले पृथ्वीवरचे जंतू त्या पाण्यात उतरले असते, तर पुढे कधी तेथे सापडलेला जीव त्यांचा की आपला, हे सांगणार कोण?