होडी, गरी आणि पाण्याची वेळ

माझा जन्म घाटावरचा. विहिरीत पोहायला शिकलो, ओढ्यात मासे धरले, आणि नोकरीच्या निमित्ताने मालवण तालुक्यात आलो तेव्हा समुद्र म्हणजे एक मोठी नदीच असणार, असे मनाशी धरून चाललो होतो. तुमच्यापैकी पुष्कळजण असेच बदलीवर किनाऱ्याला येतात. कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी आरोग्यसेवक. शिवाय मुंबईत वाढून आता गावी परतलेली तरुण मुलेही आहेत. दारात होडी दिसते, सुट्टीचा दिवस असतो, आणि मनात येते, आपणही चार मासे धरून आणावेत. अशा नवख्या मंडळींसाठी हे चार शब्द.

माझे गुरू म्हणजे देवबागचे एक वयस्क गाबीत तांडेल. देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि पट्टी जिथे संपते तिथे खाडीचे मुख. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारले, गरीला आमिष कसे लावायचे? ते म्हणाले, "गुरुजी, आधी परत येवक शिका. मासो खंय पळान जाणा नाय." मला तेव्हा ते बोलणे टाळाटाळीचे वाटले होते.

परत येणे शिकायचे म्हणजे पाण्याची वेळ शिकायची. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. ओहोटीला मालवणीत सुकती म्हणतात. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा येतो. म्हणून कोकणातला माणूस घड्याळाआधी तिथी पाहतो. हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पुरी होते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचार. अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. त्यापुढे सहा तासांनी पुरी ओहोटी. पाऊणकीचा पाढा आता कशाला, असे विचारणाऱ्या मुलांना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घालावे.

पण हा हिशेब ठोकळ आहे, बरे का. पाऊणकी रोज ४५ मिनिटे धरते, पाणी ५० घेते. पौर्णिमेला पाढा सव्वाअकरा सांगतो आणि मुंबईला भरती बाराच्या सुमारास येते. शिवाय दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याला, मुंबईपेक्षा तासभर आधीच पाणी भरते. तेव्हा पाढ्यात आपल्या गावाचा फरक मिळवायचा. तो फरक गावातले जुने जाणते सांगतील.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात आणि पाणी खूप चढते, खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला ओढ विभागली जाते, पाणी थोडेच हलते. तो भांग. नवख्याने शिकायला सुरुवात करावी ती भांगाच्या दिवसांत.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. समजा एकूण १२ वीत उतरायचे आहे. तर पहिल्या तासात १ वीत, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १, असा साधारण क्रम असतो. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी खाडीतून बाहेर धावते. खाडीकाठच्या शाळेने धक्क्याशेजारी एक बांबू रोवावा, वीतभर अंतराने खुणा कराव्यात आणि मुलांकडून दर तासाला पाणी वाचून घ्यावे. मी हे वर्गात शिकवले, पण होडीत बसल्यावर विसरलो, ते असे.

मार्गशीर्षातली शुद्ध त्रयोदशी होती. तांडेल लग्नाला गेलेले. मी आणि माझे एक सहकारी, दोघे वल्ही मारीत साडेआठच्या सुमारास भरल्या पाण्यावर मुखाबाहेर पडलो. समुद्र तळ्यासारखा शांत होता. पहाटेचा मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, सरून गेला होता. मासेही बरे लागले. बारा वाजता परत फिरलो, तर मुखाशी पाण्याच्या भिंती उभ्या! एव्हाना समुद्राकडून खारा वारा सुटला होता, तो लाटांना आत ढकलीत होता; आणि खाडीचे पाणी नेमके त्या मधल्या तासांच्या जोरात बाहेर येत होते. दोघांची गाठ मुखातल्या उथळ वाळूवर पडली, की लाट आखूड, उंच होते आणि जागच्या जागी फुटते. आम्ही दोनदा आत शिरण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी घोट्यापर्यंत पाणी होडीत आले आणि सहकारी डब्याने उपसू लागले. त्यांना पोहता येत नव्हते, हे मला त्या क्षणी कळले.

बाहेरून एक यांत्रिक होडी चालली होती. तिच्यावरचा खलाशी ओरडला, "नांगर घाला आनि गप बसा!" आम्ही लाटांपासून दूर सरून नांगर टाकला आणि गप बसलो. दोन तास उन्हात, पाण्याची एकच बाटली. ओहोटी सरली, पाणी थबकले, मग उलटले, आणि तीनच्या पुढे त्याच मुखातून भरतीने आम्हांला आत आणून सोडले. वल्ही नावालाच मारली.

तेव्हा जाण्याचा दिवस निवडावा तो तृतीया-चतुर्थीच्या सुमाराचा. सकाळी ओहोटी सरता सरता बाहेर जावे, आणि अकरा-बाराला भरती व खारा वारा दोन्ही पाठीशी घेऊन यावे. तेही जाणत्या माणसाबरोबर. एकट्याने पहिला हंगामभर मुख ओलांडूच नये. खाडीत काय कमी मासे आहेत?

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा आणि तो होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधावा. कुशीला किंवा मागे बांधला तर होडी लाटेला तोंड देत नाही, पाणी आत घेते. उलांडीची होडी मिळाली तर नवख्याला ती बरी. कडेचे ते लाकूड तिला सहजी कलंडू देत नाही. एक वल्हे जादा, उपसायला डबा, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते अंगात घातलेले, बुडाखाली ठेवलेले नव्हे.

आता गरी. तंगूस, शिसे, लहान गरी आणि कोळंबीचा तुकडा एवढ्यावर काम भागते. दोर बोटावर तोलून धरावा. हिसका बोटालाच कळतो. खडकाच्या कडेला तांबोशी, गोबरा मिळतात. माझा अनुभव असा, की पाणी उभे असते तेव्हा मासा तोंड लावीत नाही, हलू लागले की लावतो. जागा ध्यानात ठेवायची तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पाहाव्यात, जसे पुढचा माड आणि मागचा देवळाचा कळस. आणि दुसऱ्या दिशेला अशीच आणखी एक जोडी. दोन रेषा जिथे छेदतात ती तुमची जागा. शिंगाळा लागला तर हाताने सोडवू नका, त्याचे काटे विषारी. पाकटाच्या शेपटीचेही तसेच. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात तो भाग तासभर बुडवून धरावा आणि दवाखाना गाठावा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बिनयंत्राच्या होडीला ती बंदी लागू नाही. पण तो समुद्र तुमचा नव्हे. नारळी पौर्णिमेनंतरही हवामान खात्याचा इशारा ऐकल्यावाचून निघू नये. नोव्हेंबर २००९ मधले 'फयान' वादळ पावसाळा संपल्यावरच आले आणि कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. बंदरावर तीन नंबरचा बावटा असेल तर होडी वरच ओढून ठेवा. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर असू द्या. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. आणि कुठे जाता, किती वाजता येणार, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा.

त्या त्रयोदशीला आम्ही कोणालाच सांगितले नव्हते. संध्याकाळी तांडेल आले, ओली होडी पाहिली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजवून त्यांनी विचारले, "गुरुजी, आज तिथ खंयची?" मी म्हटले, चतुर्दशी. "मगे भरती कितीक?" चौदा पाऊणे साडेदहा, वजा तास, म्हणजे साडेनऊ. "आनि खाडीच्या तोंडार पाणी जोरात कधी?" मी बोटे मोजू लागलो, आणि ते दारात उभे राहून वाट पाहत राहिले.