लग्नाचा बस्ता आणि पदराची मागची बाजू



लग्नाची तिथी निघाली की घरात पहिली बैठक बसते ती बस्त्याची. कळसाडी-शहाद्याकडची पुष्कळ मंडळी नंदुरबारहून गाडीत बसून सुरत गाठतात. दुकानदार गादीवर साड्यांचा ढीग घालतो, व्याही-विहिणी मानपान सांभाळतात, आणि जिने ती साडी नेसायची तिला सर्वांत शेवटी विचारले जाते. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने नवरीच्या साडीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण कापड म्हटले की मजुरी आली आणि लग्न म्हटले की कर्ज आले. या दोहोंशी माझा जन्माचा संबंध आहे.

प्रथम पाहू, धर्म आणि कायदा काय मागतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे वधू किंवा वर यांच्यापैकी एका पक्षाच्या रूढीनुसार विधी झाले म्हणजे पुरे. जेथे सप्तपदीची चाल आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. त्यात वस्त्राची अट नाही. रूढी पाहावी तर तीही बेताचीच आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून नवरी गौरीहरापुढे बसते. हिरवा चुडा, मुंडावळ्या आणि काळी पोत झाली की नवरी सजली. समाजासमाजाची रीत निराळी असते, पण अमुक किमतीचेच वस्त्र हवे असे कोणतीही रीत सांगत नाही. भारी शालू आणि पैठणी ही हौस आहे. हौस जरूर करावी, मात्र तिला धर्माचे नाव देऊन बापाच्या डोक्यावर कर्ज चढवू नये. जोतीराव फुल्यांनी 1873 साली स्थापलेल्या सत्यशोधक समाजाने थोड्या खर्चात लग्ने लावून दाखवली, हे आपण विसरू नये.

आता पैठणीच घ्यायची असेल तर ती ओळखावी कशी? गोदाकाठच्या पैठणचे तिला नाव मिळाले. आज नाशिक जिल्ह्यातील येवला हे तिचे मोठे केंद्र आहे. 2010 साली तिला भौगोलिक चिन्हांकनाची नोंदणी मिळाली. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा पोपट विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची निराळी लहान कांडी असते. विणकर ते धागे हातांनी एकमेकांत अडकवीत ओळीमागून ओळ भरतो. म्हणून पदर उलटून पाहिला तरी नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे, कापलेले धागे लोंबतात. काम दाट असेल तर एका साडीला कित्येक महिने लागतात.

कापडाचा एखादा सुटा धागा मागून घेऊन जाळून पाहावा. रेशमाला जळत्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते; पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. जरीचेही प्रकार आहेत. खरी जरी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. बाकीची तांब्याची किंवा निव्वळ चकाकत्या प्लॅस्टिकची. ‘रेशीम कोणते, जरी कोणती, माग कोणता’ या तीन गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. तोंडच्या शब्दाचा पुरावा होत नाही, हे आम्ही कामगार तडजोडीच्या टेबलावर शिकलो.

यंत्रमागाची साडी घेणे कमीपणाचे नाही. तिच्यामागेही मजुराचे श्रम आहेत. पण तिला हातमागाची म्हणून हातमागाच्या भावाने विकणे ही लबाडी आहे. त्यात गिऱ्हाईक फसते आणि विणकराचे काम बुडते. 1985 साली काही वाणांचे विणकाम खास हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला, तो याच भीतीपोटी. पण दुकानात पदर उलटून पाहणारे गिऱ्हाईक नसेल, तर नुसता कायदा किती पुरा पडणार?

तेव्हा बस्त्याला निघण्यापूर्वी घरी बसून आकडा ठरवा. तो कर्जाशिवायचा असू द्या. आईची जुनी रेशमी साडी पेटीत असेल तर ती उलगडून पाहा. घडीवर विरली नसेल तर तिच्याइतके मानाचे वस्त्र दुसरे नाही. नऊवारी की सहावारी, हे मुलीला ठरवू द्या. पुढे सणावारी ती नेसायची आहे तिलाच. आणि दुकानात पहिला प्रश्न तिला विचारा.